एकोणीस जणींची एकच सही

कुणाचा म्हणून इस्वास बसला न्हाई, तुमाला सांगते! बँकेचा न्हाई, फौजदाराचा न्हाई, भावकीचा न्हाई, आन् जिला नऊ म्हैनं पोटात वागवली त्या पोरीचाबी न्हाई! मी घसा फोडून सांगतीया, आरं म्या पैसं काढलं न्हाईत, त्या दिवशी मी बँकेची पायरी चढले न्हाई, मी रानात भांगलत व्हते... आन् समदी जणं माझ्याकडं अशी बघत्यात, जशी काय मीच माझ्या घरात दरोडा टाकून वर बोंब मारतीया!

बसा साहेब, बसा. तुमचं भाषाण झालं न्हवं? झ्याक झालं. ह्या सातारच्या बायांला तुमी नवी कार्डं वाटलीत, भिंतीतलं मशीन दावलंत, कार्ड घातलं की नोटा भाईर... लय गुणाचं मशीन! आन् म्हणलात, चार आकडं हायत ते कुणाला सांगू नका, कार्डावर लिवून ठेवू नका, भाच्या-पुतण्याच्या हातात कार्ड देऊ नका, दर म्हैन्याला पासबुक भरून बघा, हरवलं तर त्याच दिशी बँकेत सांगा. समदं खरं. पर साहेब, तुमचं चार आकडं ऱ्हाऊ द्या बाजूला, म्या तर आख्खं नाव वाटलं व्हतं! फळ्यावर लिवून, खडूनं, मोठ्या अक्षरात! आता तुमी म्हणाल, नाव कसं वाटत्यात? नाव काय विरजण हाय व्हय, शेजारीण वाटी घेऊन आली की दिलं चमचाभर? म्या दिलं, बायांनो. ऐका.

मी बनुबाई. माहेर मेढ्याकडं, डोंगरात. सासर तिकडं पलूसजवळ, एका वाडीत. माहेरात ह्या डोंगरावरनं त्या डोंगरावरच्या माणसाला हाक मारायची सवय, ती सपाटीला येऊनबी मोडली न्हाई. सासू म्हणायची, "हिनं घरात मीठ मागितलं तर कुंडलच्या बाजारात कळतंय." मालक, हंबीरराव, तोफखान्यात हवालदार. पेन्शनीवर आलं, आन् दोन वरसात छातीत कळ येऊन गेलं. मागं मी, पोरगी अंकिता, आन् भिंतीपल्याड धाकटा दीर लालासाहेब आन् त्याची बायकू मनुबाई. माझी जाऊ. पोटी लेकरू न्हाई, आन् तोंडात शबुद न्हाई. बावीस वरसं एका परड्यात राहिलो, मी बोलायची आन् ती "व्हय आक्का" म्हणायची. मी तिला मने म्हणायची. दुपारभर मी बोलत असले तर ती शेंगा फोडत ऐकायची, एक शेंग तोंडात टाकायची न्हाई. आता आसं माणूस मिळतंय व्हय कुठं? मला वाटायचं, आमचं लय जमतंय. जमणारच! बोलणारी एक आन् ऐकणारी एक, भांडाण व्हईल कसं?

तर ते साक्षरतेचं निघालं बघा, त्र्याण्णव साली. पाटी-पेन्सिली आल्या, कंदील आला, जीपगाडीतनं साहेब आलं. म्हणलं, वाडीत शिकलेली बाई कोण? वाडीनं माझ्याकडं बोट केलं. चौथी पास! नवऱ्याच्या पेन्शनीला सही करती, आंगठा न्हाई लावत! साहेब म्हणलं, "बाई, ह्या बायांना निदान सही करायला शिकवा." एकोणीस बाया. तिन्हीसांजा समाजमंदिरात बसायच्या, आन् पयल्यांदा पुढं बसायची कोण, तर मनी. आता मला सांगा, एकोणीस जणींची एकोणीस नावं, कुणी अनसूया, कुणी जिजाक्का, ती जोडाक्षरं मला तरी कुठं येत व्हती? मला चुका न करता एकच नाव लिवाय यायचं. माझं! मग म्या फळ्यावर माझंच नाव लिवलं, आन् म्हणलं, गिरवा गं. तीन म्हैनं गिरवलं त्यांनी. माझा शेवटचा फराटा सुदीक उचलला!

परीक्षेला साहेब आलं. म्हणलं, आपापली सही करा. एकोणीस पाट्या वर झाल्या... बनुबाई हंबीरराव फडतरे, बनुबाई हंबीरराव फडतरे, बनुबाई हंबीरराव फडतरे! साहेबानं टोपी काढून डोकं खाजवलं. "बाई, वाडीत ह्या एकाच नावाच्या एवढ्या बाया?" म्या म्हणलं, "साहेब, लिवता येतंय का न्हाई ते बघा, कुणाचं येतंय ते कशाला बघताय?" हसलं बिचारं. मनीची पाटी त्यानं वर धरून दावली, अक्षर माझ्यापेक्षा देखणं. मला कोण अभिमान! तिला पेढा दिला म्या. चोराला आपल्या हातानं कुलपाची किल्ली घडवून दिली आन् वर पेढा भरवला... पर तवा कुणाला ठावं! नाव काय विरजण हाय व्हय गं? पर आमी दिलं आन् वर साखर घातली.

पुढं ती मतदानाची फोटोची कार्डं निघाली. शाळेच्या पटांगणात, उन्हात, एका स्टुलावर बसवून फोटू काढला. कार्ड हातात आलं तर काय... डोक्यावर पदर, पदराखाली अंधार! डोळं मिटलेलं का उघडं कळंना, नाक हाय का न्हाई कळंना. अंकिता म्हणली, "आई, ह्यात तू हायस का आपली म्हैस?" वाडीतल्या कुठल्याबी बाईनं ते कार्ड छातीला लावावं आन् म्हणावं, मीच ती. ते कार्ड आन् पासबुक म्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठिवलेलं, देवाच्या फळीवर. डब्याला कुलूप? कुलूप कशाला, घरात परकं कोण येतंय? बँकेत जायचं असलं की मीच वरडायची, "मने, डबा आण गं माझा!" आन् ती आणायची.

अंकिता बारावीला चांगल्या मार्कानं सुटली. डीएडला नंबर लागला. म्या म्हणलं, शिक्षण सोडू नकोस बाई, मी चौथीत सोडलं तर जल्मभर एकच नाव गिरवतीया. पेन्शनीतनं साठवलेलं अठरा हजार व्हतं. चौऱ्याण्णवपास्नं चहात साखर कमी घालून साठवलेलं! शनिवारपर्यंत पैसं भरायचं, न्हाईतर जागा दुसऱ्याला. मंगळवारी गेले बँकेत. खिडकीत सुमंत म्हणून कॅशियर, गोरापान, चष्मेवाला. पासबुक बघतोय, माझ्याकडं बघतोय, परत पासबुक बघतोय.

"मावशी, एकशे बारा रुपये शिल्लक आहेत."

"चष्मा पूस रं बाबा."

"अहो, तुम्हीच पाच वेळा येऊन पैसे काढलेत! गेल्या चार महिन्यांत."

"मी? कवा?"

"ह्या बघा सह्या. हे मतदान कार्ड दाखवलंत. आणि मावशी, तुम्हाला मी कसा विसरेन? पहिल्या वेळी मी जरा हळू मोजत होतो तर तुम्ही सगळ्या बँकेसमोर मला काय काय बोललात! 'आरं ए चष्म्या, राबला माझा दादला, थंडीत कुडकुडला माझा दादला, आन् थुका लावून मोजतोस तू, तर त्यात एवढा ताठा? हात हाय का पायताण?' मॅनेजर केबिनमधनं बाहेर आले होते, मावशी!"

आता तुमाला सांगते, म्या खिडकीचा गज धरला. पैशापायी न्हाई. ते बोलणं माझं व्हतं! शबुद माझं, ठेका माझा, हात हाय का पायताण हे तर खास माझं, दुसऱ्या कुणाच्या तोंडात ऐकलं न्हाई कवा. क्षणभर मलाबी वाटलं, बनुबाई, तूच आली व्हतीस काय गं झोपंत?

वरडले मी. बँक डोक्यावर घेतली. आन् जसजशी वरडतीया, तसा सुमंत समद्यांकडं बघून हात करतोय, "बघा! ह्याच त्या! अगदी ह्याच!" आता काय करावं माणसानं? खरं बोलावं तर आवाज चढतोय, आन् आवाज चढला की चोर ठरतीया! मॅनेजर म्हणलं, "बाई, वयोमानानं विसरायला होतं." आवं मी त्रेचाळीस वरसाची! अंकिता शेजारी उभी. तिच्या हातात तो डीएडचा कागूद. म्हणली, "आई, आठव नीट. कुणाला दिलंस काय?" मला म्हणली हे. मला!

फौजदाराकडं गेले. त्यो चहा पीत बसला व्हता. म्हणला, "बाई, तुमची सही अजून कुणाला येते?"

म्या म्हणलं, "वाडीला."

"वाडीत कुणाला?"

"आवं वाडीला म्हणलं न्हवं का! एकोणीस जणींला. म्याच शिकिवली."

त्यानं कप खाली ठिवला. माझ्याकडं बघितलं. मग शिपायाला म्हणला, "ह्यांना पाणी दे." दुसऱ्या दिशी बायांला बोलावलं. चौकीच्या वट्यावर अठरा बाया ओळीनं बसल्या, मांडीवर कागूद, आन् समद्या जणी माझं नाव लिवतायत! फौजदार एकेक कागूद उचलतोय आन् कपाळाला हात लावतोय, एकीची सही दुसरीपेक्षा खरी! अठराच आल्या, कारण मनीच्या अंगात कणकण व्हती. म्याच फौजदाराला म्हणलं, तिला कशाला वडता, चोर बँकेत तोंड टाकून भांडलीया, आन् आमची मनी कोंबडीला हुसकायची तरी पदर हालवती, तोंडातनं हूं काढत न्हाई. ती सोडून कुणीबी. म्याच म्हणलं, बायांनो. माझ्याच तोंडानं सोडवलं तिला.

मग काय! अठरा जणी माझ्यावर उलटल्या. "आमाला चौकी दावलीस? शिकिवलंस ते चोर करायला शिकिवलंस व्हय गं?" पाटी-पेन्सिली माझ्या दारात आणून आपटल्या. समाजमंदिराला कुलूप लागलं. हळदीकुंकू तर मला विधवेला न्हवतंच, पर आता दहीबी नासलं तर कुणी विरजण देईना! वाटी घेऊन चार दारं हिंडले, चारी दारात एकच, "आज न्हाई बाई दही लावलं." नाव मातुर दिलं व्हतं म्या समद्यांला. नाव काय विरजण हाय व्हय... आवं विरजण परवडलं! ते परत मागता येतंय.

शनिवार गेला. अंकिताची जागा गेली. पोरगी रडली न्हाई, तेच वाईट. नुसतं माझ्यासंगं बोलायची बंद झाली. एका घरात दोघी, आन् भिंतीपल्याड मनी. तीच काय ती यायची. बसायची, शेंगा फोडायची, ऐकायची. मी म्हणायची, "मने, ती सटवी सापडू दे, तिच्या हातावर निखारा ठिवते बघ!" आन् मनी म्हणायची, "व्हय आक्का." वाळत चाललेली. मी म्हणायची, खाईना का गं तू? आन् तिनं काय सांगायच्या आधी मी माझंच गाऱ्हाणं लावायची. दर गुरवारी औदुंबरला दत्ताला जायची ती, निदान सांगायची तसं. मी म्हणायची, माझ्यासाठी काय तरी माग गं, चोर सापडू दे म्हण. "व्हय आक्का."

बँकेतल्या त्या मंगळवाराला अकरा म्हैनं झालं आसतील. उसाला पाणी दावताना मनी पाटातच बसली ती उठलीच न्हाई. धावले, तर लुगडं भिजलेलं, आन् पाण्यानं न्हवं. लालासाहेब म्हणला, "पडंल घटकाभर, हुईल बरी. बायकांची दुखणी." म्या त्याला काय म्हणलं ते हितं सांगत न्हाई, साहेब बसल्यात. वाटंवरची जीप थांबवली आन् तिला घेऊन थेट मिरजेला. मिरजेत दवाखानं काय थोडं हायत? पर मनीच डोळं मिटून सांगतीया, "उजवीकडं... फुडं... त्यो हिरवा दरवाजा." म्या म्हणलं, हिला कसं ठावं गं?

बाकड्यावर बसलो. तिचं डोस्कं माझ्या खांद्यावर. गर्दी ही... आतनं नर्स आली, हातात जाड कागदांची चळत, आन् वरडली,

"बनुबाई हंबीरराव फडतरे!"

आन् आमी दोघीबी उठलो.

मी उठले सवयीनं. ती उठली भिंतीला धरून. नर्सनं चष्म्यावरनं बघितलं. "दोघींत पेशंट कोण? बनुबाई कोण?"

मनीनं माझ्याकडं बघितलं. बावीस वरसात तिनं माझ्याकडं आसं कवा बघितलं नव्हतं, म्हंजी बघितलं आसंल, म्या बघू दिलं नसंल. तिच्या हातात पिशवी, पिशवीत माझं मतदानाचं कार्ड. समदं कळलं मला. पाच गुरवार बँकेचं, बाकी गुरवार मिरजेचं. गर्भाच्या पिशवीचा आजार, त्याला हितं मशीनचा शेक देत्यात, त्याला लागल्यालं अठरा हजार. नाव लिवा म्हणलं आसंल हितं, आन् तिला लिवाय येणारं एकच नाव! म्या शिकिवलेलं! आन् माझं त्वांड, ज्ये कुंडलपर्यंत ऐकू जायाचं, ते उघडंना. नर्स म्हणली, "लवकर सांगा, मागं लाइन आहे."

म्या म्हणलं, "ही. हीच बनुबाई."

"आणि तुम्ही?"

"मी मनुबाई. धाकटी जाऊ हिची."

आठ दिवस, तुमाला सांगते, आठ दिवस मी मनुबाई व्हते. "मनुबाई, बाजूला उभं राहा. मनुबाई, मधे बोलू नका. मनुबाई, तुम्हाला नाही कळायचं." डागदर गोळ्या लिवायचा आन् माझ्याकडं बघायचाबी न्हाई. मी आपली "व्हय" म्हणायची. मला आठ दिवसात गुदमरलं गं बायांनो, तिनं बावीस वरसं कशी काढली?

सहाव्या दिशी तिला जरा तरतरी आली. म्या दारातल्या बाया पांगल्या की हळू इचारलं. होय, हळू! माझ्यानं हळू बोलवतंय हे मला मिरजेत कळलं. म्हणलं, "मने, मागितलं असतंस तर दिलं नसतं व्हय गं?"

"दोनदा आले व्हते आक्का."

"कवा?"

"एकदा तुमी शेंगा फोडत व्हता. एकदा दळाण घिऊन आला व्हता."

"मग?"

"तुमी बोलत व्हता."

"आगं मग, नंतर सांगायचं!"

"नंतरबी तुमी बोलतच व्हता."

आन् हसली. वठ सुकल्यालं, पर हसली. म्हणली, "आक्का, पयल्यांदा बँकेत गेले तर त्यो मला बघंचना. तासभर उभी. मग म्या पदर नाकापत्तूर वडला, डोळं मिटलं आन् तुमाला आठवलं, आन् तुमचंच सुरू केलं. थुका लावून मोजतोस, हात हाय का पायताण... आक्का, समदी उठून उभी राह्यली वं! खुर्ची दिली मला. पाणी दिलं. तुमचं नाव घेतलं की लोक ऐकत्यात." पदरानं वठ पुसलं. "मला लय बरं वाटलं त्या दिशी. चोरी करत व्हते, तरीबी."

हातावर निखारा ठिवणार व्हते मी. तोच हात हातात धरून बसले. डागदर म्हणलं, घरी न्या, आता शेक दिऊन उपेग न्हाई. लवकर आली आसती तर गोष्ट येगळी.

आणली घरी. माझ्या घरात, भिंतीच्या ह्या बाजूला. खाट टाकली. आन् आलं तिसऱ्या दिशी बँकेचं मोठं साहेब सांगलीवरनं, संगं त्यो सुमंत, बगलंत फाईल. वरीस झालं व्हतं. साहेब खुर्चीवर बसलं आन् म्हणलं, "बनुबाई, आम्ही माफी मागायला आलो. पुण्याच्या तज्ज्ञानं भिंगातनं तपासलं. त्या सह्या तुमच्या नाहीत. तुम्ही वर्षभर सांगत होता ते खरं होतं."

ऐकलंत का? खरं व्हतं! वरीसभर ज्या शब्दासाठी मी जीव टाकला, ती दोन शबुदं आली, माझ्या वसरीवर, चहाच्या कपासंगं! अंकिता दारात उभी, पयल्यांदाच माझ्याकडं बघितलं तिनं, डोळं भरल्यालं. सुमंत मान खाली घालून. साहेब म्हणलं, "पैसे परत मिळतील. फक्त एक करायचं. तुमचा संशय कुणावर आहे ते नाव द्या. फौजदार बाहेर उभे आहेत, आजच्या आज उचलतील."

आन् आतनं खाटंवरनं कण्हणं थांबलं. मी आतल्या दाराकडं बघितलं न्हाई. बघितलं आसतं तर फौजदारानं बघितलं आसतं.

मग म्या म्हणलं, "साहेब, तुमच्या भिंगाचं काय तरी चुकलंय. म्याच काढलं पैसं."

"काय?"

"म्याच. इसरले व्हते. आता आठवलं."

सुमंत उठून उभा! "मग वर्षभर आमचा जीव का खाल्लात? नोकरी जायची वेळ आली होती माझी!" साहेब लालबुंद. आन् अंकिता... ती दारातनं आत निघून गेली. माझ्या अंगावरनं गेली, पदर लागला मला. पुढल्या साली म्हैस इकून तिला डीएडला घातली, आता पाचगणीकडं एका शाळंत शिकिवती, पगार धाडती, पर "एक वरीस माझ्या आईच्या भोंगळपणापायी गेलं" म्हणती, अजून म्हणती. मनी त्या दिवसानंतर अकरा दिवसांनी गेली. वाडीत कुणी तिला चोर म्हणलं न्हाई. आन् कुणी काहीबी म्हणलं न्हाई म्हणा, तिच्याबद्दल बोलायचं कुणाला काय आठवलंच न्हाई. म्हणून हितं, साताऱ्यात, बोलतीया. तुमी तिला वळखत न्हाई. कुणाला पाचगणीकडं जायाचं झालं तर हे तिकडं न्हेऊ नका, बायांनो. नाव काय विरजण न्हाई वाटायला, साहेब सांगत्यात तसं जपा, पर घरातलं एखादं माणूस गप बसून शेंगा फोडत आसंल, तर घटकाभर आपलं त्वांड मिटा आन् त्याला इचारा.

तर त्या दिशी, अंकिता आत गेल्यावर, सांगलीच्या साहेबानं फाईल उघडली. छापील कागूद व्हता, शेवटी एक रकाना. बोट ठिवून म्हणलं, "बाई, हे प्रकरण बंद करायचं तर इथं लिहावं लागेल, ह्या सगळ्याला जबाबदार कोण. पूर्ण नाव लिहा. आणि खोटं लिहू नका."

म्या खोटं लिवलं न्हाई. लिवलं,

बनुबाई हंबीरराव फडतरे.